स्लो लोकलमधली विद्या

दोस्तांनो, वर्गात गणित सोडवताना शेजारच्या बाकावरच्यानं तुमच्या वहीत डोकावलं, तर तुम्ही काय करता? वहीवर हात आडवा ठेवता, की वही त्याच्याकडे सरकवता? खरं खरं सांगा हं! मी काही तुमच्या बाईंना सांगणार नाही.

हा प्रश्न मला पडला तो आमच्या भाच्यामुळे. हा पठ्ठ्या यंदा नववीत आहे. राहायला बोरिवलीला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं सिरिंजची क्रेन बनवली होती. दोन सिरिंजा, मधे प्लॅस्टिकची नळी आणि आत निळं पाणी. एकीकडचा दट्ट्या दाबला, की दुसरीकडचा वर येतो आणि पुठ्ठ्याचा हात ओझं उचलतो. पण नळीत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी क्रेन लटपटते. कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्यावरची युक्ती अशी, की दोन्ही सिरिंजा आणि नळी बादलीभर पाण्यात बुडवायच्या आणि पाण्याखालीच जोडायच्या. बुडबुडा शिरायला जागाच उरत नाही.

ही युक्ती शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलानं पाहिली आणि चार दिवसांत त्याचीही क्रेन तयार! झालं. आमच्या भाच्यानं दाराला आतून कडी घातली, क्रेन कपाटात ठेवली आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद.

मी रविवारी गेलो, तर स्वारी फुगून बसलेली. बहीण म्हणाली, ‘‘अरे, याला जरा बाहेर तरी ने.’’

मी म्हटलं, ‘‘चल रे, मालाडला जाऊन येऊ.’’

‘‘मालाडला? मॉलमध्ये?’’

‘‘छे! एका कंपाउंडमध्ये. तिथं पूर्वी सिनेमाचा कारखाना होता.’’

सिनेमा म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? दहा मिनिटांत आम्ही बोरिवली स्टेशनवर. अंधेरीकडे जाणारी स्लो लोकल पकडली. कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी, अंधेरी. अवघी सहा स्टेशनं. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज या गाडीनं क्लासला जात असतील. पण याच रुळांच्या कडेनं एक विद्या कशी स्टेशन-स्टेशन करत गेली, ते ठाऊक आहे का? चला तर मग आमच्याबरोबर.

मालाड : जर्मन मास्तर आणि देशी चेले

मालाडला पश्चिमेला उतरलो आणि रिक्षा केली. ‘‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड,’’ असं सांगितल्यावर रिक्षावाल्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पत्ता सगळ्यांना ठाऊक. पण हे नाव कशावरून पडलं, हे त्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘काय की! असंल कुठलं तरी थिएटर.’’

आत गेलो आणि भाच्याचा चेहरा उतरला. कुठला सिनेमा नि कुठलं काय! लहान लहान गाळे, पत्र्याची छपरं, टेम्पो, लोखंड कापल्याचा कर्कश आवाज आणि तेलाचा वास. मधूनच झाडाझुडपांत एखादी जुनी, पोपडे उडालेली भिंत. बस्स.

एका गाळ्याच्या दारात एक मिस्त्रीकाका लेथवर काम करत होते. आम्ही बघत उभे राहिलो. तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला एक पोरगा पळत आला. ‘‘काका, ड्रिल सारखं तुटतंय हो. सकाळपासून तिसरं.’’

काकांनी मशीन थांबवलं. ‘‘माल कुठला आहे? स्टेनलेस ना? मग स्पीड कमी कर आणि तेल सोडत राहा. साध्या लोखंडासारखं पळवलंस तर तुटणारच.’’

पोरगा गेला. दोन मिनिटांनी पलीकडून ड्रिलचा घुर्र आवाज आला, या वेळी सावकाश आणि एकसारखा. काका कान देऊन ऐकत होते. ‘‘आता बरोबर,’’ असं म्हणून त्यांनी पुन्हा लेथ चालू केलं.

भाच्याला राहवलं नाही. ‘‘काका, तेसुद्धा तुमच्यासारखंच काम करतात ना? मग तुम्ही त्यांना का सांगितलंत?’’

काका हसले. ‘‘अरे बाळा, माझं मशीन बिघडलं की कंपनीचा माणूस तीन दिवसांनी येतो. हा पोरगा तीन मिनिटांत येतो. आज त्यानं विचारलं, उद्या मी विचारणार. आणि मी सगळंच सांगतो असं नाही हं! गिऱ्हाइकाला दर काय लावला, ते मी माझ्या बायकोलासुद्धा सांगत नाही.’’

भाचा काहीच बोलला नाही. पण ती ‘काय सांगायचं आणि काय नाही’ ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली असावी, असं मला वाटलं. आम्ही एका झाडाखाली चहा घेतला आणि मी गोष्ट सुरू केली.

आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’. साल १९३१. अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीनं तो काढला. त्यांच्या स्टुडिओजवळून आगगाडी जायची. तिचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर शूटिंग करावं लागे! आता बोलपट काढायचा म्हणजे शांतता हवी, मोकळी जागा हवी, वीज हवी आणि शहराशी संबंध ठेवायला रेल्वेही हवी. हे सगळं त्या वेळी उपनगरांत मिळत होतं. १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी इथं मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभारली. एफ. ई. दिनशा नावाच्या बड्या व्यापाऱ्याचा बंगला आणि त्याभोवतीची बाग, तिथं हा स्टुडिओ झाला.

हिमांशु राय यांनी त्याआधी जर्मन लोकांबरोबर मूकपट काढले होते. १९२५चा ‘प्रेम संन्यास’ हा त्यांतला पहिला. म्हणून मालाडला येताना ते जर्मनीतून नुसती यंत्रं घेऊन आले नाहीत, माणसंही घेऊन आले. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेरामन योसेफ विर्शिंग, सेट बनवणारे कार्ल फॉन श्प्रेती आणि प्रयोगशाळा सांभाळणारे विल्हेल्म झोले. या मास्तरांच्या हाताखाली सुशिक्षित देशी तरुण नेमले. सगळे महिन्याच्या पगारावर. जेवायला सगळ्यांना एकच कॅन्टीन, जातपात न पाहता. जेवणाच्या टेबलावर कामाच्या किती गोष्टी कळतात, हे तुम्ही आपल्या डब्याच्या सुट्टीवरून ओळखलंच असेल!

‘‘पण मामा, पुस्तक वाचून नसतं का शिकता आलं?’’ भाच्यानं विचारलं.

थोडं आलं असतं. दिवा किती ताकदीचा लावायचा, हे पुस्तकात लिहिता येतं. पण नायिकेच्या गालावर सावली किती ठेवायची, फिल्म धुताना ती नेमकी केव्हा बाहेर काढायची, मायक्रोफोन कुठं लपवायचा, हे उस्तादाच्या शेजारी उभं राहूनच कळतं. पोहणं पुस्तकातून येतं का? तसंच हे.

चेले तरी कोण कोण होते, ऐका. शशधर मुखर्जी विज्ञान शिकलेले. ते ध्वनिमुद्रण विभागात लागले. त्यांनी आपल्या मेव्हण्याला बोलावून घेतलं. तो प्रयोगशाळेत फिल्म धुवायचं काम शिकू लागला. एके दिवशी अचानक नायकाची जागा रिकामी झाली आणि हिमांशु राय यांनी या लाजऱ्या प्रयोगशाळा-सहायकालाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तो चित्रपट ‘जीवन नैया’ आणि तो तरुण म्हणजे अशोककुमार! त्याच वर्षी, १९३६ मध्ये, देविका राणी आणि अशोककुमार यांचा ‘अछूत कन्या’ आला आणि मालाडचं नाव देशभर झालं. त्याचं संगीत सरस्वती देवी या पारशी बाईंचं होतं. पुढे आपल्या लीला चिटणीससुद्धा इथंच ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या चित्रपटांच्या नायिका झाल्या.

आणि मग आला १९३९चा सप्टेंबर. दुसरं महायुद्ध पेटलं. इंग्रज सरकारनं इथल्या जर्मन माणसांना नजरकैदेच्या छावण्यांत नेलं. स्टुडिओतले जर्मन मास्तर एकदम नाहीसे झाले! पुढच्याच वर्षी, मे १९४० मध्ये, हिमांशु रायसुद्धा वारले.

‘‘बाप रे! मग स्टुडिओ बंद?’’

बंद कशाला? पाच वर्षं शेजारी उभं राहून शिकलेले चेले होते ना! देविका राणींनी कारभार हाती घेतला. १९४३ मध्ये ज्ञान मुखर्जी यांनी दिग्दर्शित केलेला ‘किस्मत’ आला. कॅमेरा याच स्टुडिओत तयार झालेल्या आर. डी. परींजा यांचा. जर्मन मास्तर एकही नाही. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक चालला. म्हणजे मास्तर गेले, विद्या मात्र राहिली.

गोरेगाव : भांडण आणि एक फलाट

मालाडहून पुढचं स्टेशन गोरेगाव. लोकलनं पाच मिनिटांचाही रस्ता नाही.

‘किस्मत’ गाजला त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजमध्ये फूट पडली. शशधर मुखर्जी, अशोककुमार, ज्ञान मुखर्जी, ध्वनिमुद्रक सावक वाच्छा आणि रायबहादुर चुनीलाल ही मंडळी बाहेर पडली. त्यांनी नवी कंपनी काढली, ‘फिल्मिस्तान’. कुठं? फार लांब नाही, पुढच्याच स्टेशनावर, गोरेगावला.

‘‘म्हणजे शिकले इथं आणि दुकान तिथं! आमच्या शेजाऱ्यासारखंच,’’ भाचा फुरंगटून म्हणाला.

आता मला सांगा, याला मी काय म्हणणार? त्याचं बरोबरच होतं. देविका राणींनासुद्धा वाईट वाटलंच असेल. पण नवी कंपनी पुढच्या स्टेशनावरच का काढली असेल, याचा जरा विचार करा. कॅमेरा भाड्यानं देणारा, सुतार, शिंपी, लाइटमन, केशभूषा करणारा, सगळे याच पट्ट्यात राहात होते. नवा स्टुडिओ काढणाऱ्यानं लांब जाऊन करायचं काय? आणि सुतार एका महिन्यात मालाडला महाल उभारणार, दुसऱ्या महिन्यात गोरेगावला तुरुंग. मालाडच्या महालात खांब हलका करायची जी युक्ती सापडली, ती हातोडी-करवतीबरोबर गोरेगावला जाणारच की! तिला कुठं तिकीट लागतं?

अल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० सालीच हे हेरलं होतं. त्यांच्या देशात शेफील्ड हे गाव सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध होतं. अशा गावांकडे पाहून त्यांनी लिहिलं, की एका धंद्याचे लोक बराच काळ शेजारी-शेजारी राहिले, की शिकवणी न लावताही धंद्यातल्या खुब्या सगळ्यांना कळत जातात, अगदी पोरासोरांनाही. एकाला काही नवं सुचलं, की दुसरा ते उचलतो आणि त्यात स्वतःची भर घालतो.

आपल्या महाराष्ट्रातच दुसरं उदाहरण आहे. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही मंडळी शिकली. १९२९ मध्ये ती बाहेर पडली आणि सीताराम कुलकर्णी यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘प्रभात’ काढली. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिथून बाहेर पडून शांतारामबापूंनी १९४२ मध्ये परळला ‘राजकमल’ उभारलं. आणि प्रभातच्या पुण्याच्या जागेवर १९६० मध्ये चक्क सिनेमाची सरकारी शाळाच निघाली! एका दिव्यावरून दुसरा लावावा, तसं.

बोलत बोलत आम्ही गोरेगावच्या फलाटावर उतरलो. मी भाच्याला एका बाकावर बसवलं. म्हटलं, ‘‘या फलाटावर काय झालं होतं, सांगू?’’

साधारण १९४७-४८चा काळ. संगीतकार गुलाम हैदर फिल्मिस्तानच्या ‘शहीद’ला संगीत देत होते. त्यांनी अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलीचा आवाज शशधर मुखर्जींना ऐकवला. मुखर्जी म्हणाले, ‘‘आवाज फार बारीक आहे.’’ नकार! गुलाम हैदर रागावले. त्या मुलीला घेऊन ते तडक गोरेगाव स्टेशनवर आले. मालाडला, बॉम्बे टॉकीजमध्ये जायचं होतं. गाडीची वाट पाहता पाहता त्यांनी सिगारेटच्या डब्यावर ठेका धरला आणि तिथंच, फलाटावर, त्या मुलीला एक चाल शिकवली. ते गाणं बॉम्बे टॉकीजच्या ‘मजबूर’ (१९४८) या चित्रपटात आलं. ती मुलगी कोण, ओळखलंत? लता मंगेशकर!

भाच्याचे डोळे मोठे झाले. त्यानं फलाटाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं, जणू तो डबा अजून कुठं तरी पडलेला असेल.

‘‘आता सांग,’’ मी म्हटलं, ‘‘सगळ्या मुंबईत एकच स्टुडिओ असता तर?’’

‘‘तर ‘नाही’ म्हणजे नाहीच!’’

बरोबर! शेजारी दुसरं दार असलं, की पहिल्या दाराचा नकार शेवटचा ठरत नाही. आणि गंमत बघा. पुढे त्याच फिल्मिस्तानच्या ‘अनारकली’त (१९५३) आपल्या सी. रामचंद्रांच्या चालींवर आणि ‘नागिन’मध्ये (१९५४) हेमंतकुमारांच्या चालींवर लताबाईच गायल्या. शेजाऱ्यानं काय केलं ते पाहूनच दुसरा शेजारी शहाणा होतो.

‘नागिन’वरून आठवलं. त्यातली ती पुंगी ऐकलीत ना? ती खरी पुंगी नाही बरं का! क्लॅव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य कल्याणजींनी वाजवलं होतं. साथीला हेमंतकुमारांचे सहायक रवी. पुढे कल्याणजी आणि रवी, दोघेही स्वतंत्र संगीतकार म्हणून नावाजले. गुरूच्या शेजारी बसून वाजवणारा उद्या स्वतःची चाल बांधतो, ती अशी.

गोरेगावला स्वामी विवेकानंद रस्त्यावर आम्ही फिल्मिस्तानच्या फाटकापर्यंत गेलो. बाहेरूनच पाहिलं. २०२५ मध्ये ही जागा एका बांधकाम कंपनीनं विकत घेतली. भाचा म्हणाला, ‘‘मामा, याचा एक फोटो काढू या.’’ काढला.

अंधेरी : चहाच्या टपरीवरचा वर्ग

पुन्हा स्लो लोकल. जोगेश्वरी आलं तेव्हा मी पूर्वेकडे बोट दाखवलं. त्या बाजूला ‘कमालिस्तान’. कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘महल’ (१९४९) मालाडला बॉम्बे टॉकीजमध्येच झाला. कॅमेऱ्यावर कोण होतं ठाऊक आहे? योसेफ विर्शिंग! युद्ध संपल्यावर ते जर्मनीला परतले नाहीत, मालाडला परतले. पुढे अमरोहींनी जोगेश्वरीला स्वतःचा स्टुडिओ काढला आणि ‘पाकीझा’ हाती घेतला, तेव्हाही कॅमेरा विर्शिंग यांचाच. हा चित्रपट इतकी वर्षं रेंगाळला, की १९६७ मध्ये विर्शिंग मुंबईतच वारले आणि ‘पाकीझा’ पडद्यावर आला १९७२ मध्ये. १९३४ मध्ये मालाडला आलेला प्रकाश अडतीस वर्षांनी जोगेश्वरीच्या चित्रपटात दिसला, असंच म्हणायचं!

अंधेरीला उतरून आंबोलीकडे गेलो. शशधर मुखर्जी फिल्मिस्तानमधूनही बाहेर पडले आणि १९५८ मध्ये त्यांनी इथं ‘फिल्मालय’ काढलं. या वेळी स्टुडिओबरोबर अभिनयाचे वर्गही सुरू केले. म्हणजे मालाडला जे जेवणाच्या टेबलावर शिकायला मिळालं, त्याचा अंधेरीला रीतसर वर्ग झाला. इथल्या ‘दिल देके देखो’नं (१९५९) आशा पारेख नायिका म्हणून पुढे आल्या आणि उषा खन्ना संगीतकार झाल्या. ‘लव्ह इन सिमला’नं (१९६०) साधना घराघरांत पोचल्या. मालाड, गोरेगाव, अंधेरी. एका माणसाच्या आयुष्यात तीन स्टुडिओ आणि प्रत्येक ठिकाणी मागच्या ठिकाणची विद्या बरोबर.

आणि आज? आज मोठा पसारा गोरेगावच्या डोंगराकडे, १९७७ मध्ये सरकारनं उभारलेल्या चित्रनगरीत आहे. २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळके यांचं नाव दिलं. आणि छोटी छोटी कामं अंधेरी पश्चिमेच्या गल्ल्यांत. डबिंग, संकलन, ध्वनी, वेशभूषा. वर्सोव्याजवळ आराम नगर म्हणून वस्ती आहे. तिथल्या बैठ्या घरांत कलाकार निवडणाऱ्यांची कार्यालयं आणि नाटकाच्या तालमीच्या जागा आहेत. तिथल्या टपरीवर आम्ही दिवसातला दुसरा चहा घेतला.

शेजारी दोन तरुण बोलत होते. एकजण दुसऱ्याला सांगत होता, ‘‘अरे, भारी हेडफोनवर सगळंच छान ऐकू येतं. तोच तुकडा साध्या मोबाइलवर ऐकून बघ. संवाद कळले, तर तुझं मिक्सिंग बरोबर.’’ दुसऱ्यानं लगेच खिशातून मोबाइल काढला. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत काम करणारे होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

भाच्यानं मला कोपरानं ढोसलं. ‘‘मिस्त्रीकाका!’’ तो कुजबुजला. मालाडचं ड्रिल आणि अंधेरीचा हेडफोन, गोष्ट एकच होती, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली सगळं मोबाइलवरच शिकता येतं, मग शेजार कशाला हवा? खरं आहे, खूप काही शिकता येतं. पण मोबाइलला तुमचं ड्रिल तुटल्याचं कळत नाही. आपल्याला नक्की काय विचारायचं आहे, हेच कित्येकदा आपल्याला ठाऊक नसतं. शेजारी मात्र आवाज ऐकून ओळखतो.

परतीच्या गाडीत

परतताना गाडीला गर्दी होती. दाराजवळ उभं राहून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, एक विचारू? मग बॉम्बे टॉकीज बंद का पडलं? त्यांनी तर सगळ्यांना शिकवलं होतं.’’

प्रश्न अवघड होता. मी खरं तेच सांगितलं. हिमांशु राय गेले, फूट पडली, १९४५ मध्ये देविका राणींनीही सिनेमा सोडला. पुढे अशोककुमार आणि सावक वाच्छा परत आले. ‘महल’सारखे चित्रपट काढून त्यांनी स्टुडिओ सावरायचा प्रयत्न केला. पण नटनट्या आता महिन्याच्या पगारावर राहात नव्हत्या, चित्रपटागणिक पैसे घेत होत्या. खर्च वाढला, पैसा अपुरा पडला. शेवटी कामगारांनी एकत्र येऊन ‘बादबान’ हा चित्रपट पुरा केला. त्याच वर्षी, १९५४ मध्ये, मालाडचं काम थांबलं.

‘‘म्हणजे शिकवणाऱ्याचं नुकसान झालंच की!’’

‘‘झालं. विद्या सांगितली की आपलं नुकसान कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. ज्यांना शिकवलं ते सोडून गेले, हे दुःख खरंच आहे. पण समज, हिमांशु रायांनी जर्मन मास्तरांच्या खोलीला कडी घातली असती. चेल्यांना आत येऊ दिलं नसतं. मग १९३९ मध्ये काय झालं असतं?’’

‘‘तेव्हाच बंद पडलं असतं. ‘किस्मत’ झालाच नसता.’’ तो थोडा थांबला. ‘‘आणि गोरेगाव नाही, अंधेरीही नाही.’’

कांदिवली गेलं. मग तो हळूच म्हणाला, ‘‘ती बादलीची युक्ती मलाही सातव्या मजल्यावरच्या ताईनं सांगितली होती.’’

‘‘अस्सं! आणि तू तुझ्या तक्त्यावर तिचं नाव लिहिलंस?’’

तो गप्प. मी म्हटलं, ‘‘सिनेमा सुरू होताना नावांची पाटी येते ना? कॅमेरा अमुक, संगीत तमुक, सहायक ढमुक. आपण त्या वेळी पॉपकॉर्न खातो. पण कोण कुणाच्या हाताखाली शिकलं, हे त्या पाटीवरूनच तर आज आपल्याला कळतं. शेजाऱ्यानं युक्ती घेतली याचा तुला राग आहे, की तुझं नाव घेतलं नाही याचा?’’

‘‘नावाचा,’’ तो लगेच म्हणाला.

‘‘मग तसं त्याला सांग. कडी कशाला?’’

बोरिवली आलं. घरी पोचलो, तर स्वारी चपला न काढताच शेजारच्या ब्लॉकमध्ये. अर्ध्या तासानं परत आला तो उड्या मारतच. ‘‘मामा, त्यानं उचलायच्या बाजूला मोठी सिरिंज लावलीय! त्यामुळे त्याची क्रेन माझ्यापेक्षा जास्त वजन उचलते. फक्त दट्ट्या थोडा कमी वर येतो. मला सुचलंच नव्हतं!’’

‘‘आणि नावाचं काय ठरलं?’’

‘‘त्याच्या तक्त्यावर माझं, माझ्या तक्त्यावर त्याचं. आणि ताईचं दोन्हींवर.’’ एवढं बोलून तो बादली शोधायला मोरीत गेला.

प्रदर्शनात कुणाचा नंबर आला, ते विचारू नका. दोघांचाही नाही आला! पण आता सुट्टीत दोघं मिळून तीन हातांची क्रेन करणार आहेत म्हणे.

तर दोस्तांनो, तुमच्या गावातही असा एखादा रस्ता असेल. ओळीनं कुंभार असतील, सोनार असतील, मोटार दुरुस्त करणारे असतील, नाही तर यंत्रमाग असतील. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिथं जा. फार काही करू नका. नुसतं तासभर उभं राहून बघा, कोण कुणाकडे काय मागायला येतं आणि काय विचारून जातं. त्यांना हे काम कुणी शिकवलं, तेही जमलं तर विचारा. आणि हो, मग आम्हाला पत्रानं जरूर कळवा. ज्यांनी शिकवलं, त्यांची नावं लिहायला मात्र विसरू नका!